बारशाशिवायचं नाव

आधी आवाज आला. फुस्स!

सायकलच्या चाकातली हवा सोडल्यावर येतो ना, अगदी तसा. पण समुद्रात सायकल कुठली? आम्ही होडीत होतो, देवबागला. देवबाग म्हणजे मालवणजवळची जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि टोकाला दोघांची गळाभेट. सकाळचे साडेसात वाजले होते. होडीवाल्या आबांनी इंजिन बंद करून ओठांवर बोट ठेवलं होतं आणि माझी सात वर्षांची भाची मनवा चक्क गप्प बसली होती. डॉल्फिन दिसो न दिसो, त्या सहलीतलं पहिलं आश्चर्य मी पाहून घेतलं होतं.

फुस्स! पुन्हा. या वेळी डावीकडून.

"थंय बघा," आबा हळूच म्हणाले, "गादे इले."

पाण्यातून आधी एक लांब, निमुळती चोच वर आली. मग कपाळ. मग राखाडी पाठ, पाठीवर उंटासारखा उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटासा तिकोनी पर. सगळं कसं सावकाश, एखादं मोठं चाक पाण्यात गोल फिरावं तसं वर आलं आणि खाली गेलं. मागोमाग दुसरं चाक. त्याला खेटून एक पिटुकलं.

मनवाने माझ्या कानाशी तोंड आणलं. "आत्या, माशाला धाप लागली का गं?"

प्रश्न झकास होता. धाप लागायची तर आधी फुफ्फुसं हवीत. बाजारातल्या बांगड्याला किंवा सुरमईला ती नसतात. हे मासे कल्ल्यांमधून पाणी घोळवून त्यातला प्राणवायू काढून घेतात. गाद्याला कल्ले नाहीत. त्याला श्वास घ्यायला तुमच्या-माझ्यासारखी हवाच लागते आणि ती घ्यायला नाक पाण्याबाहेर काढावं लागतं. नाक कुठे असतं सांगा बघू? डोक्यावर! आपली टाळू असते ना, साधारण तिथे. एकच भोक आणि त्यावर स्नायूंचं पक्कं झाकण. वर आला की झाकण उघडतं, आतली हवा जोरात बाहेर फेकली जाते, लगेच ताजी हवा आत जाते आणि झाकण बंद. आम्ही ऐकलं ते हेच. म्हणजे मासा नव्हे, सस्तन प्राणी. उष्ण रक्ताचा, पिल्लाला दूध पाजणारा.

गादा हे आपल्या कोकणच्या मच्छीमारांनी दिलेलं नाव. जगात डॉल्फिनच्या जवळपास ४० जाती आहेत. ऑर्का, म्हणजे ज्याला लोक 'किलर व्हेल' म्हणून घाबरतात तोही डॉल्फिनच, सगळ्यांत दांडगा. आपल्या किनाऱ्याला लागून, उथळ पाण्यात जो नेहमी दिसतो तो हा कुबडवाला डॉल्फिन. खरं सांगायचं तर मनवा जराशी हिरमुसली होती. टीव्हीतले डॉल्फिन कशा उड्या मारतात, आणि हे? स्पिनर नावाचे डॉल्फिन एका उडीत सात-सात गिरक्या घेतात, ते असतात खोल समुद्रात. गादा शांत स्वभावाचा. चोच वर, पाठ वर, फुस्स, खाली. मला विचाराल तर मला हा सावकाशपणाच जास्त आवडला. निदान नीट बघून तरी होतं.

बघता बघता आणखी एक गंमत लक्षात आली. मासा शेपटी हलवतो डावी-उजवीकडे. डॉल्फिन हलवतो खाली-वर. का? कुत्रा सुसाट पळताना आठवा. त्याच्या पाठीची कमान वर-खाली, वर-खाली होत असते. डॉल्फिनची पाठही तशीच वाकते, कारण त्याचे खापर-खापर-खापर-पणजोबा चार पायांवर पळत होते! डॉल्फिनच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत आजही बोटांची हाडं आहेत. मागचे पाय मात्र नाहीसे झाले.

हे पूर्वज राहायचे कुठे, तर आपल्याच बाजूला. काश्मीरच्या दक्षिणेला कालाकोट नावाचं गाव आहे. तिथले जीवाश्म असलेले दगड ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी गोळा केले होते. ते गेल्यानंतर त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसेन या शास्त्रज्ञाला दिले. त्याच्या प्रयोगशाळेत दगड साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली. झालं! आता बोलणी खाणार, असं वाटतं ना? पण फुटलेल्या कवटीत कानाजवळचं एक जाडजूड हाड उघडं पडलं. तसलं हाड फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्याच कानात असतं. आणि हा प्राणी तर होता मांजराएवढा, चार पायांचा, आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरी हरणासारखा! त्याचं नाव इंडोहायस. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. २००७ साली ही गोष्ट जाहीर झाली. डॉल्फिनच्या घराण्याचा हा जुना नातेवाईक ओळखला गेला तो त्याच्या कानावरून. हा कान लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण एक मोठी पंचाईत आहे. तुम्ही झोपता तेव्हा श्वास आपोआप चालू राहतो. डॉल्फिनचं तसं नाही. त्याला प्रत्येक श्वास ठरवून घ्यावा लागतो: चला, आता वर. उघडा झाकण. बंद करा झाकण. मग गाढ झोपलं तर?

त्याने यावर जी युक्ती काढली आहे ती ऐकून मला पहिल्यांदा थापच वाटली होती. डॉल्फिन अर्धाच झोपतो. खरोखर अर्धा! मेंदूचा उजवा भाग झोपला की डावा जागा, आणि थोड्या वेळाने पाळी बदलते. उजवा भाग झोपलेला असताना डावा डोळा मिटलेला आणि उजवा टक्क उघडा. त्याच वेळी तो हळूहळू पोहतोय, श्वास घ्यायला वर येतोय, शार्क येत नाही ना यावर नजर ठेवतोय. रात्रीच्या एसटीत आजोबा नाही का झोपत? घोरतात आणि आपला थांबा आला की बरोब्बर उठतात. त्यांना विचारलं पाहिजे.

पिल्लांचं तर विचारूच नका. बारा महिने आईच्या पोटात राहून पिल्लू जन्मतं, बहुतेक वेळा शेपटीकडून. डोकं शेवटी. जन्मल्याबरोबर वर जायचं आणि पहिला श्वास घ्यायचा. मत्स्यालयातल्या डॉल्फिनांवर नजर ठेवणाऱ्या शास्त्रज्ञांना दिसलं, की पहिला जवळपास महिनाभर पिल्लू आणि आई दोघंही सतत पोहतच राहतात. विश्रांतीला थांबणं नाहीच. आपल्याकडे बाळ रात्री रडलं तर दुसऱ्या दिवशी घरभर चर्चा असते! पिल्लू आईच्या कुशीला अगदी चिकटून पोहतं. आई पाणी कापत जाते तेव्हा तिच्या बाजूने जो प्रवाह तयार होतो तो पिल्लाला ओढून नेतो, त्यामुळे त्याला शेपटी कमी मारावी लागते. आम्ही पाहिलेलं ते पिटुकलं अगदी असंच आईला खेटून चाललं होतं. चुकून दूर गेलंच, तर काय?

त्यासाठी आधी पाण्याखाली जाऊ. होडीतून वाकून पाहिलं तर पाणी हिरवट, गढूळ. मी हात कोपरापर्यंत बुडवला तर माझीच बोटं दिसेनात. नदी गाळ आणून टाकते, मग आणखी काय होणार! अशा पाण्यात डोळे कितीही चांगले असले तरी काय कामाचे? डॉल्फिन म्हणूनच बघतो कानांनी.

त्याच्या नाकाच्या नळीत ओठांसारख्या पडद्यांच्या दोन जोड्या असतात. त्या थरथरवून तो टक्-टक्-टक्-टक् असे आवाज काढतो, इतके भराभर की ऐकणाऱ्याला जुन्या दाराची करकर वाटावी. त्यातले बरेचसे इतके बारीक, इतके वरच्या पट्टीतले असतात की आपल्या कानांच्या ते पलीकडचे. कपाळात चरबीचा एक गोळा असतो. टॉर्चची काच जसा उजेड एकवटून पुढे टाकते, तसा हा गोळा आवाज एकवटून पुढे टाकतो. आवाज जातो, माशाला आपटतो आणि परत येतो. परत आलेला आवाज ऐकायला डॉल्फिन काय पुढे करतो? हनुवटी! खालच्या जबड्यात चरबीची वाट आहे, तिच्यातून आवाज थेट आतल्या कानापर्यंत पोचतो.

पाण्यात आवाज पळतो सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. आता गणित करू. मासा ७५ मीटरवर आहे. जाऊन-येऊन किती झाले? १५० मीटर. म्हणजे लागला एक दशांश सेकंद. पापणी लवते न लवते तोच "तिकडे मासा आहे, एवढा मोठा आहे, त्या दिशेला पळतोय" ही बातमी हजर.

बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे मासा पाण्यात हवा तिथे तरंगत राहतो. आवाज या पिशवीवर झकास आपटतो. बिचाऱ्या माशाला वाटतं आपण लपलोय, आणि त्याच्या पोटातली पिशवीच चहाडी करते. बहामा बेटांजवळचे डॉल्फिन तर वाळूत पुरून बसलेले मासे हुडकतात. चोच वाळूत खाली करून तळावरून फिरतात, ठिकाण सापडलं की डोक्याने खणायला लागतात आणि मागे तळाला खड्डाच पडतो.

एवढं सगळं मी मनवाला होडीतच, कुजबुजत, हात हलवून सांगत होते. आबा गालात हसत होते. त्यांना हे आधीच माहीत असणार असा मला संशय आहे. ते म्हणाले, "शीळ पण घालतत."

हां! आता आलो मुद्द्यावर.

टक्-टक् हा बघण्याचा आवाज. बोलण्याचा वेगळा. तो शिट्टीसारखा असतो. १९६५ साली अमेरिकेत मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल या नवरा-बायकोच्या लक्षात आलं, की बॉटलनोज जातीच्या प्रत्येक डॉल्फिनची एक स्वतःची शीळ असते. कुणाची वर चढून दोनदा गटांगळी खाणारी, कुणाची खालून सुरू होऊन वर जाणारी, कुणाची नागमोडी. तीच शीळ तो पुन्हा पुन्हा घालतो. पाण्यात फिरताना, एकटा पडल्यावर, दुसऱ्या कळपाला भेटल्यावर: मी अमुक, मी अमुक, मी अमुक. म्हणजे काय? म्हणजे नाव!

आणि हे नाव ठेवतं कोण? आपल्याकडे पाळणा सजतो, घुगऱ्या वाटतात, आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि पाठीत बुक्के खाते. मनवाचं नाव मीच ठेवलं. बुक्के अजून आठवतात. डॉल्फिनच्या पिल्लाला मात्र नाव कुणीच देत नाही. पहिल्या काही महिन्यांत ते आजूबाजूच्या शिळा ऐकतं, स्वतः वेड्यावाकड्या शिळा घालून बघतं, आणि वर्षाच्या आतबाहेर त्याची स्वतःची अशी एक शीळ पक्की होते. तेच त्याचं नाव. बहुतेक माद्यांचं ते जन्मभर टिकतं.

मनवा एकदम सरळ होऊन बसली. "म्हणजे ते स्वतःचं नाव स्वतः ठेवतात?"

"हो."

"आणि माझं तू ठेवलंस."

"हो."

"मला विचारलंस का?"

आबा मोठ्याने हसले आणि त्याबरोबर गादे जरा लांब गेले. मी विषय बदलला.

विषय म्हणजे स्कॉटलंडचा. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट यानिक या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या मोकळ्या डॉल्फिनांच्या शिळा टिपून घेतल्या. मग त्या यंत्रावर तशाच पुन्हा तयार केल्या. यंत्रावर का? म्हणजे कुणाच्या ओळखीचा आवाज नको, फक्त चाल हवी. आणि पाण्यात त्या वाजवल्या. दुसऱ्याची शीळ वाजली तर डॉल्फिन फारसं लक्ष देईनात. स्वतःची शीळ वाजली की मात्र तो लगेच तीच शीळ घालून उत्तर द्यायचा. वर्गात हजेरी घेताना आपलं नाव आलं की कसे आपण "हजर!" ओरडतो? २०१३ साली हे छापून आलं.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट छापून आली, ती माझी सगळ्यात आवडती. एक होती बेली आणि एक होती ॲली. दोघी फ्लोरिडात एकाच तलावात होत्या, तेव्हा ॲली दोन वर्षांची आणि बेली चार. पुढे दोघींची ताटातूट झाली. बेली गेली बर्म्युडा बेटावर, ॲली शिकागोजवळच्या प्राणिसंग्रहालयात. वीस वर्षं आणि सहा महिने गेले. मग जेसन ब्रुक या संशोधकाने बेलीच्या तलावात पाण्याखालचा स्पीकर सोडला आणि ॲलीची शीळ लावली. अनोळखी डॉल्फिनच्या शिळा लावल्या की तिथले डॉल्फिन कंटाळायचे. ॲलीची शीळ ऐकून बेली स्पीकरकडे वळली. साडेवीस वर्षांनी! मला बालवाडीतल्या शेजारणीचं नाव आठवत नाही.

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सारासोटा नावाची एक खाडी आहे. तिथल्या डॉल्फिनांवर १९७० पासून आजवर लक्ष ठेवलं गेलंय. आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्यांच्या नोंदी. निकलो नावाची एक मादी तर ६७ वर्षांची झाली होती. या डॉल्फिनांना माणसं ओळखतात पाठीवरच्या परावरून. कुणाच्या पराचा तुकडा गेलेला, कुणाच्या कडेला करवतीसारखे दाते, कुणावर दुसऱ्या डॉल्फिनच्या दातांचे ओरखडे. हो, ओरखडे! डॉल्फिन भांडतात, चावतातही. त्यांचं ते हसरं तोंड आहे ना, त्यावर जाऊ नका. जबड्याचा आकारच तसा आहे. रागावला तरी हसतोच आणि रडवेला झाला तरी हसतोच. तर या खाडीतल्या आयांच्या शिळा तपासताना २०२३ साली एक लाडिक गोष्ट उघडकीला आली. आई एकटी असताना आपली शीळ घालते एका पट्टीत, आणि पिल्लू जवळ असलं की तीच शीळ चढ्या पट्टीत घालते. एकोणीस आया तपासल्या. बाळाशी बोलताना तुमच्या घरातली माणसं कशी बोलतात, आठवा. "अले अले, कोन आलं?" आवाज आपोआप वर जातो. डॉल्फिनची आईही तेच करते.

म्हणजे दूर गेलेल्या पिल्लाचं काय, याचं उत्तर मिळालं. आई शीळ घालते. पिल्लू ओ देतं.

आई नुसती हाका मारत नाही, शिकवतेही. पिल्लू तिच्याबरोबर चार-पाच वर्षं राहतं, नि तेवढ्या काळात बघून बघून बरंच उचलतं. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला शार्क बे नावाचा उपसागर आहे. १९८४ साली तिथे एक डॉल्फिन दिसला, ज्याच्या चोचीवर काहीतरी भलतंच वाढलेलं होतं. गाठ? रोग? जवळून पाहिल्यावर कळलं, तो समुद्राच्या तळावरचा स्पंज होता. डॉल्फिनने तो उपटून चोचीवर चढवला होता! तिथल्या तळाला टोकदार दगडगोटे आणि शिंपल्यांचे तुकडे. चोचीने उकरायचं तर सोलून निघेल. म्हणून हा हातमोजा. तुमची आई गरम पातेलं उतरवताना फडकं घेते, तसा.

पण कानांनी मासा दिसतो तर उकरायची गरजच काय, असं कुणीतरी विचारेल. विचारा, विचारा! या तळावरच्या काही माशांच्या पोटात ती हवेची पिशवीच नसते. चहाडी करणारं कुणी नाही, त्यामुळे आवाजाने ते नीट सापडत नाहीत. त्यांना उकरून उठवावं लागतं. स्पंजची विद्या सगळ्यांना येत नाही. काही आयांना येते, त्यांच्याकडून मुख्यतः मुलींकडे जाते. त्याच उपसागरात काही डॉल्फिन दुसरीच युक्ती करतात. मोठ्या रिकाम्या शंखात मासा शिरला की शंखच चोचीवर उचलून पाण्याबाहेर आणायचा आणि हलवायचा. शेंगदाण्यांचा डबा तोंडात उपडा करतो तसा मासा घशात! ही युक्ती आईकडून नाही, सवंगड्यांकडून शिकतात, असं २०२० साली दिसून आलं. चांगल्या गोष्टी आईकडून आणि उचापती मित्रांकडून, हा नियम तिथेही आहे म्हणायचा.

एव्हाना दूरवर एक लहान होडी जाळं काढत होती आणि गादे नेमके तिकडेच वळले. आबांनी कपाळाला हात लावला. "आमची जाळी फाडतत मेले! पण काय करतलंव? तेंकाय पोट आसा." जाळ्यात आयती अडकलेली मासळी ओढून न्यायला गादा टपलेला असतो, आणि फाटलेलं जाळं शिवायला मच्छीमाराचा अख्खा दिवस जातो. कधी उलटंही होतं. गादाच जाळ्यात गुरफटतो, वर येता येत नाही, आणि श्वास संपतो. समुद्रात राहणारा प्राणी समुद्रातच बुडून मरतो. आपल्या देशात डॉल्फिनला वाघाइतकंच संरक्षण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघंही बसतात. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही.

ब्राझीलमधल्या लागुना गावात मात्र मच्छीमार आणि डॉल्फिन या दोघांनी भागीदारी केली आहे. तिथले कोळी कमरेएवढ्या पाण्यात रांगेने उभे राहतात, हातात पाग. आपल्याकडे खाडीत फेकून पसरवतात तेच गोल जाळं. डॉल्फिन बोय माशांचे थवे हाकत त्यांच्याकडे आणतात. पाणी गढूळ, माणसाला मासे दिसत नाहीत. मग डॉल्फिन एकदम पाठ उंचावून बुडी मारतो. तोच इशारा. पाग भिरभिरत जातात. घाबरून थवा फुटतो, काही मासे पागात आणि भरकटलेले डॉल्फिनच्या तोंडात. एकशे चाळीसहून जास्त वर्षं हे चाललंय. बापाने मुलाला शिकवायचं आणि डॉल्फिनच्या आईने पिल्लाला. आबांना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या गाद्यांका तुमीच जावन शिकवा."

तेवढ्यात मागून एक भलीमोठी बोट आली. भोंगा, गाणी, "वो देखो, वो देखो!" इंजिन चालूच. सरळ गाद्यांच्या मधोमध. आम्ही कान दाबले. पण पाण्याखाली कान कसे दाबणार? फ्लोरिडात डेल्टा आणि रीस या दोन डॉल्फिनांना एक खेळ शिकवला होता. तलावाच्या दोन टोकांना दोघांनी एकाच वेळी आपापलं बटण दाबायचं, एका सेकंदाच्या आत. ते एकमेकांना शिळा घालून वेळ जुळवायचे. मग पाण्यात मोठा आवाज सोडला. दोघांनी शिळा वाढवल्या, लांबवल्या, एकमेकांकडे तोंड वळवून घातल्या. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर मावशीशी बोलायला जाता ना तुम्ही, तसंच. तरी शंभरात पंचाऐंशी वेळा जमणारा खेळ साडेबासष्टवर आला. हेही २०२३ मधलं.

बोट गेल्यावर आम्ही दहा मिनिटं वाट पाहिली. फुस्स आलं नाही. आबांनी इंजिन सुरू केलं, अगदी हळू, आणि होडी संगमाकडे वळवली. मनवा मागच्या बाजूला तोंड करून बसली होती. तिच्या पुढच्या दोन दातांची नुकतीच रजा झाली होती आणि त्या फटीतून ती शीळ घालायचा प्रयत्न करत होती. शीळ कसली, नुसती हवा. फुस्स. फुस्स-फुस्स. फूऽऽस्स.

संध्याकाळी किनाऱ्यावर जेवणाची पानं मांडली आणि मनवाचा पत्ता नाही. मी हाक मारली, "मनवाऽऽ!" काही नाही. आणखी मोठ्याने. काही नाही. सुरूच्या झाडांमागे तिचा लाल फ्रॉक स्पष्ट दिसत होता.

मग त्या झाडांमागून आलं: फुस्स, फुस्स-फुस्स, फूऽऽस्स. थोडं थांबून पुन्हा तेच, जसंच्या तसं.

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नव्हतं. ओठांचा चंबू केला आणि आली तशी, तिचीच शीळ परत घातली.

फ्रॉक पळत आला.